रेल्वेच्या चादरींची लाँड्री: मोजणी, वाफ आणि माणसं

गिरणगावची (धागाकर्ती)
रविवार, रात्री ९.४०

गेल्या आठवड्यात कोकणकन्येने गावाहून परत येत होते. अटेंडंटने खाकी पाकीट हातात दिलं आणि मी ते फोडायच्या आधी दोन्ही बाजूंनी दाबून पाहिलं. आत टॉवेल आहे की नाही ते जाडीवरून कळतं. समोरच्या आजींनी विचारलं, "काय गं बघतेस?" त्यांना सांगायला बसले ती रत्नागिरी आलं तरी बोलणं संपलं नाही. तेव्हाच ठरवलं की हे इथे लिहून ठेवायचं.

२००९ ते मार्च २०२०, अशी अकरा वर्षं मी मुंबईतल्या एका यार्डाला लागून असलेल्या लाँड्रीत होते. लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या एसी डब्यांतल्या चादरी, अभ्रे, टॉवेल आणि ब्लँकेटं तिथे यायची. लाँड्री कंत्राटदाराची होती, त्याचं नाव लिहीत नाही. मी मोजणीवर होते.

लोकांना वाटतं लाँड्री म्हणजे धुणं. धुणं मशीन करतं. माणसं लागतात ती मोजायला, निवडायला, कॅलेंडरला, म्हणजे तापलेल्या रोलरने इस्त्री करणाऱ्या मशीनला, चादर लावायला आणि पाकिटं भरायला. गाडी यार्डात लागली की अटेंडंट वापरलेल्या कपड्यांची गाठोडी बांधत, चादरीतच चादरी. ती टेम्पोने आमच्याकडे यायची. गाठोडं सोडलं की आधी झटकायचं, कारण त्यात काय निघेल याचा नेम नसे. चष्मे, मोबाइलचे चार्जर, दातांची कवळी, बाळाचा एक मोजा. एकदा अभ्र्याच्या आत गाठ मारून ठेवलेलं मंगळसूत्र निघालं. बाईंनी झोपताना चोरीच्या भीतीने ठेवलं असणार आणि पहाटे उतरायच्या घाईत विसरल्या असणार. गाठोड्याच्या चिठ्ठीवर गाडी आणि डबा लिहिलेला असे, त्यावरून शोध लागला. तिसऱ्या दिवशी त्या स्वतः आल्या. त्यांच्याहून जास्त आमच्या निवडणीच्या मावशी रडल्या, कारण तीन दिवस ते त्यांच्या ताब्यातल्या कपाटात होतं आणि त्यांना रात्रीची झोप नव्हती.

आकड्यांचा अंदाज यावा म्हणून सांगते. एलएचबीच्या, म्हणजे नव्या बनावटीच्या, थ्री एसी डब्यात ७२ बर्थ. प्रत्येकी दोन चादरी, म्हणजे एका डब्याच्या १४४ चादरी, ७२ अभ्रे, ७२ टॉवेल. असे आठ डबे असलेल्या गाडीच्या ११५२ चादरी होतात. ही एका गाडीची एका वेळची जाण्याची फेरी झाली, येतानाचं वेगळं. आणि गाडी थांबत नाही. सायंकाळी सुटणाऱ्या गाडीची पाकिटं दुपारी यार्डात पोहोचलीच पाहिजेत, मग वीज जावो, बॉयलर रुसो की लोकल बंद पडून अर्धी पाळी गैरहजर असो. २६ जुलैचा पूर मी तिथे पाहिला नाही, पण नंतरच्या पावसाळ्यांत गुडघाभर पाण्यातून चालत कामावर आलेल्या बायका पाहिल्या आहेत.

माझे बाबा गिरणीत ब्लीचिंग खात्यात होते. १९८२ च्या संपानंतर त्यांना परत घेतलं नाही. मी लाँड्रीतून पहिल्या दिवशी घरी आले तेव्हा त्यांनी पगार विचारला नाही. "कॅलेंडरच्या रोलरला कापड कुठलं गुंडाळलंय?" हे विचारलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेटरला विचारून आले, तेव्हा त्यांचं समाधान झालं. पुढे माझी पाळी सुटली की ते रोज काहीतरी विचारायचे. वाफेचा दाब किती ठेवता, पाणी मऊ करून घेता का, शेवटच्या पाण्यात आम्ल घालता का. सत्तावीस वर्षांनी त्यांना पुन्हा खात्यात गेल्यासारखं होत असावं.

कॅलेंडरवर दोन बायका समोरासमोर उभ्या राहतात. ओल्या चादरीची दोन टोकं दोघींनी धरायची, ताणायची आणि तापलेल्या रोलरखाली एकाच क्षणी सोडायची. एकीचा हात मागे राहिला की चादर तिरकी जाते, चुण्या भाजून बसतात आणि ती परत भिजवावी लागते. ज्यांची जोडी जमली त्या पाळीभर बोलल्या नाहीत तरी चालतं, नुसत्या खांद्यावरून त्यांना कळतं. मे महिन्यात त्या जागी उभं राहणं म्हणजे काय, ते लिहून सांगता येणार नाही.

आता जे सांगायचं मनात आहे ते. मोजणीत टॉवेल कमी भरले की ते मी रजिस्टरमध्ये लिहायची. खरा आकडा लिहिणं हेच माझं काम होतं. त्या आकड्यावरून समोर उभ्या असलेल्या अटेंडंटच्या पगारातून पैसे कापले जायचे. टॉवेल नेला कुणीतरी प्रवाशाने, चांगल्या नोकरीतल्या, एसीचं तिकीट काढू शकणाऱ्या. भरायचा त्या पोराने, जो रात्रभर डब्याच्या दाराशी अवघडून झोपलेला. मी एकही आकडा खोटा लिहिला नाही. तरी अकरा वर्षं तो कॉलम भरताना माझा हात जड व्हायचा.

कुणी रेल्वेच्या लाँड्रीत, यार्डात, डब्यात काम केलं असेल तर लिहा.

वळकटी
रविवार, रात्री १०.१५

ताई, फार आतून लिहिलंय. माझ्या नावावरून कळलंच असेल की मी जुन्या काळचा. आमच्याकडे होल्डॉल होता, खाकी कॅनव्हासचा, चामडी पट्ट्यांचा. नागपूरला आजोळी जाताना आई त्यात सतरंजी, दोन चादरी आणि कापसाची उशी बांधायची. गाडीत झोपायचं म्हणजे घरचंच अंथरूण. पहिल्या वर्गात पैसे भरून बिछाना मिळायचा म्हणे, आम्ही तो कधी पाहिला नाही.

थ्री एसीचा डबा आला १९९३ मध्ये. त्याआधी एसीने जाणारे मूठभर. त्या डब्याने मध्यमवर्ग एसीत आणला, आणि माझ्या मते तुमच्या लाँड्रीचा जन्म तिथेच झाला. माळ्यावरचा होल्डॉल बाबांनी त्यानंतर काढल्याचं आठवत नाही.

घाटावरचा
रविवार, रात्री ११.०२

मी परीट घरातला. आजा महालक्ष्मीच्या धोबीघाटावर होता, १८९० च्या आसपास बांधलेल्या त्या दगडी कुंड्यांवर. मोठ्या मशीनच्या लाँड्र्या होण्याआधी रेल्वेच्या चादरी कंत्राटदारामार्फत घाटांवरच यायच्या. बाप सांगायचा, रेल्वेचा माल हॉटेलच्या मालापेक्षा वाईट. हॉटेलात माणूस आंघोळ करून झोपतो. गाडीत दिवसभराची धूळ, केसांचं तेल आणि जेवणाचे हात घेऊन झोपतो.

आमच्यात कपड्यावर खूण करायला बिब्बा वापरायचे. बिब्ब्याचा डाग कपडा फाटेपर्यंत जात नाही. हजार घरांचे कपडे एका भट्टीत उकळले तरी परीट आपला कपडा खुणेवरून काढतो, मालकाचं नाव वाचायला यावं लागत नाही. रेल्वेच्या चादरीवर शिक्का असतो, पण सगळ्यांवर सारखाच. त्यामुळे ओळखायला काही नाही, फक्त मोजायला. ताई म्हणतात त्या मोजणीचं मूळ मला तिथं दिसतं.

एक गोष्ट मात्र मशीनला जमत नाही. हळदीचा डाग. आजा सांगायचा, डाग घासू नको, उन्हात टाक. दुपारपर्यंत निम्मा, दोन दिवसांत गेलेला. लाँड्रीत ऊन कुठून आणणार?

रसायनवाला
सोमवार, सकाळी ७.३०

घाटावरचा यांच्या आजोबांचं शंभर टक्के बरोबर. मी धुलाईच्या रसायनांच्या धंद्यात बरीच वर्षं होतो, म्हणून थोडं कारणांसकट लिहितो.

हळदीतलं कर्क्युमिन उजेडात मोडतं, म्हणून ऊन लागू पडतं. मशीनमध्ये पहिल्या धुण्यात सोड्याचं अल्कली असतं, आणि अल्कलीत हळद लाल होते. कुंकू आपण तसंच बनवतो. नवीन ऑपरेटर मशीन उघडतो, चादरीवर लाल डाग बघतो आणि रक्त समजून घाबरतो. मी अशा तीन-चार जणांना शांत केलं आहे. तो डाग क्लोरीनच्या ब्लीचने जातो, पण क्लोरीन आणि उष्णता जास्त झाली की सूत विरतं. पांढरी शुभ्र चादर दिसते, आणि पाय ताणला की टर्रकन फाटते.

खरोखरचं रक्त असेल तर नियम उलटा. आधी गार पाणी. गरम पाण्यात टाकलं की त्यातलं प्रथिन शिजून धाग्याला चिकटतं आणि मग काही केलं तरी तपकिरी कडा राहते. घाईच्या लाँड्रीत नेमकं गार पाण्याचं आवर्तनच गाळलं जातं, कारण सात-आठ मिनिटं वाचतात. दुसरी घाई म्हणजे मशीन गच्च भरणं. कपड्याला आपटायला जागाच राहिली नाही तर कितीही पावडर घाला, मळ सुटत नाही. पाचातला एक भाग रिकामा ठेवायचा असतो.

ताईंच्या वडिलांचे प्रश्न वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. कठीण पाण्यातला चुना साबणाशी मिळून करड्या रंगाचा थर देतो, म्हणून पाणी मऊ करायचं. शेवटच्या पाण्यात आम्ल घातलं नाही तर उरलेलं अल्कली कॅलेंडरच्या उष्णतेने चादर पिवळी करतं. या दोन प्रश्नांत अख्खी लाँड्री तपासून होते. गिरणीच्या ब्लीचिंग खात्यातली माणसं ही अशी होती.

सह्याद्रीएक्स
सोमवार, दुपारी १.१०

धागा आवडला. पण ब्लँकेटबद्दल कुणी बोलत नाहीये. ती दर फेरीला धुत नाहीत हे खरं ना? मी तर आता स्वतःची शाल नेते.

गिरणगावची
सोमवार, रात्री ९.५५

सह्याद्रीएक्स, खरं आहे, आणि आम्ही कधी लपवलं नाही. चादर, अभ्रा, टॉवेल हे प्रत्येक फेरीला धुवायचे. ब्लँकेटला वेगळा हिशेब. नोव्हेंबर २०२४ मध्ये रेल्वेमंत्र्यांनीही लोकसभेत सांगितलं की ब्लँकेट महिन्यातून किमान एकदा धुतलं जातं. पाकिटात दोन चादरी असतात त्या यासाठीच: एक अंथरायची, दुसरी ब्लँकेटला आतून अस्तर म्हणून घ्यायची. बहुतेक लोक दोन्ही अंथरतात नाहीतर एकीची उशी करतात, आणि ब्लँकेट अंगाला लागतं. पाकिटावर हे चित्रासकट छापावं असं मी आमच्या साहेबांना अनेकदा सांगितलं होतं.

काकांचे डाग मी रोज पाहिले आहेत. रक्त समजून घाबरणाऱ्यांत मीही होते. (रसायनवाला, तुम्हाला काका म्हणते, चालेल ना?)

रसायनवाला
सोमवार, रात्री १०.२०

चालेल की. ब्लँकेटमागचं कारण लोकरीत आहे. लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि आपटणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटून घोंगडीसारखं घट्ट होतं. आपल्याकडे म्हणूनच लोकर रिठ्याच्या पाण्यात हलक्या हाताने धुतात. जुन्या जाड लोकरी ब्लँकेटांना रोजचं मशीन सोसलंच नसतं. उपाय एकच, वारंवार धुता येईल असं हलकं ब्लँकेट. याबाबतीत प्रवाशांची तक्रार रास्त आहे आणि मी त्यांच्या बाजूने आहे.

मिशिगन_लेक
मंगळवार, सकाळी ६.४५

मी शिकागोला असते. मोजणीचा परिच्छेद वाचून राहवलं नाही.

इथे शहराच्या दक्षिणेला पुलमन नावाची वस्ती आहे, आता राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान. पुलमन कंपनी अमेरिकेतल्या बहुतेक रेल्वेंसाठी शयनयानं चालवायची, आणि चादरी-टॉवेलांसाठी तिच्या स्वतःच्या लाँड्र्या होत्या. डब्यात बिछाने घालणारे पोर्टर जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय, सुरुवातीचे तर नुकतेच गुलामीतून सुटलेले. प्रवासी त्यांना खऱ्या नावाने हाक मारत नसत. मालकाचं नाव जॉर्ज पुलमन, म्हणून सगळेच "जॉर्ज".

हरवलेल्या टॉवेलांचे पैसे तिथेही पोर्टरच्या पगारातून जायचे. दुसरी गोष्ट मला त्याहून लागली. पोर्टरला स्वतःच्या झोपेसाठी निळं ब्लँकेट दिलेलं असे, आणि ते प्रवाशाच्या ब्लँकेटात मिसळू द्यायचं नाही असा नियम होता. दोघांचं अंथरूण एकाच डब्यात, पण रंग वेगळा.

१९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी संघटना केली. कंपनीशी करार व्हायला १९३७ उजाडलं. बारा वर्षं. रँडॉल्फ यांच्या नावाचं पोर्टरांचं संग्रहालय इथे आहे, मी मुलांना घेऊन दोनदा गेले. पुढच्या वेळी तिथे ताईंचं रजिस्टर आठवेल.

कोच_ए१
मंगळवार, रात्री ११.३०

मी या बाजूचा आहे. सात वर्षं एसी अटेंडंट होतो, कंत्राटावरच. मराठवाड्यातला. आता गाडी सोडली, किराणा दुकान आहे.

ताई, तुम्ही लिहिलं ते सगळं खरं. एक सांगतो, आम्हाला तुमचा राग नव्हता. मोजणारी बाई खोटं लिहीत नाही हे आम्हाला माहीत होतं. उलट काही ठिकाणी आमच्यासमोर मोजतच नसत, नुसता आकडा सांगत, तो घ्यावा लागे. समोर मोजलं की निदान मनाची खात्री होते.

टॉवेल जातो कसा ते सांगतो. पहाटे चारला माणूस उतरतो. टॉवेल त्याच्या खांद्यावर असतो, तोंड धुवून आलेला. बॅगेत टाकतो, काही जणांच्या मनातही नसतं. आपण म्हणावं "साहेब, टॉवेल", तर सगळा डबा बघतो. एक साहेब माझ्यावर ओरडले होते, मला चोर समजतोस का म्हणून. त्यांनी बॅग उघडली नाही, आणि मी परत कुणाला विचारलं नाही. पश्चिम रेल्वेने २०१७-१८ चा आकडा सांगितला होता, एका वर्षात १ लाख ९५ हजार टॉवेल आणि ८१,७३६ चादरी गेल्या. पेपरात वाचून लोक हसले. मी तो पेपर दुकानात जपून ठेवलाय, कारण पहिल्यांदा कुणीतरी लिहिलं की टॉवेल आम्ही विकत नव्हतो.

घाटावरचा
बुधवार, सकाळी ८.१०

भाऊ, तो पेपर फ्रेम करून लाव.

वळकटी
बुधवार, सकाळी ९.००

मी आजवर टॉवेल सीटवर टाकून उतरत आलो. यापुढे अटेंडंटच्या हातात देईन. आणि ताई, मार्च २०२० ला काय झालं ते लिहा ना. तुम्ही तारीख लिहून पुढे गेलात.

गिरणगावची
बुधवार, रात्री १०.४०

लिहिते. त्या महिन्यात आधी ब्लँकेटं आणि पडदे काढायचा हुकूम आला. आम्ही रात्रंदिवस ब्लँकेटंच घेत होतो. मग २२ तारखेपासून प्रवासी गाड्याच थांबल्या. शेवटच्या गाठोड्यांना हात लावायला सगळे घाबरत होते, कुठल्या डब्यातून काय आलं असेल कुणास ठाऊक. तरी कॅलेंडरवरची जोडी आली. ओले कपडे तसेच ठेवले तर बुरशीच्या तिरा पडतात म्हणून दोघींनी तोंडाला ओढणी बांधून शेवटचा घाणा पुरा केला. बॉयलर बंद केला तेव्हा इतकी शांतता झाली की यार्डातले कावळे ऐकू आले. अकरा वर्षांत मला तिथे कावळे आहेत हे माहीत नव्हतं.

पुढे गाड्या सुरू झाल्या, पण चादरी नाहीत. मार्च २०२२ मध्ये पाकिटं परत द्यायचा निर्णय झाला. दोन वर्षं म्हणजे फार. तोवर कॅलेंडरवरची एक गावी गेली, दुसरी घरकामं धरून बसली. मला बोलावणं आलं होतं, पण बाबा अंथरुणाला खिळलेले होते, मी गेले नाही. त्यांच्या चादरी मी शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून धुवायची. ते हात फिरवून बघायचे आणि मान हलवायचे.

कोच_ए१ भाऊ, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. तुमचा राग नव्हता हे कळलं, बरं वाटलं. एक विचारू? आमच्याकडे नांदेडकडच्या गाडीचा एक मुलगा यायचा. गाठोड्यात टॉवेल कधी सुटे टाकायचा नाही. बारा-बाराच्या गड्ड्या करून, प्रत्येक गड्डीला टॉवेलचीच गाठ. मला मोजायला दोन मिनिटं लागायची. त्याचे कमी भरले की तो स्वतःच आधी सांगायचा, "ताई, तीन लिहा." ते तुम्ही का?

कोच_ए१
बुधवार, रात्री ११.१५

नाही ताई, मी सुटेच टाकायचो. बाराच्या गड्डीवाला मला माहीत आहे, आमच्याच खोलीवर राहायचा. सध्या पुण्यात रिक्षा चालवतो. त्याला धागा पाठवलाय, वाचतोय म्हणाला. टायपिंग येत नाही, बोलून लिहवून घेईन.